पाच रिव्हर्सची गाडी

केरबाकाकांनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी मागे गेली.

फार नाही, पाच-सहा हात. पण तेवढ्यात गजा मिस्त्रीची मोटरसायकल, मोटरसायकलला टेकवलेला 'व्हील अलाइनमेंट करून मिळेल' हा बोर्ड आणि बोर्डावर वाळत घातलेलं मिस्त्रीचं बनियन, एवढं सगळं चाकाखाली गेलं. काकांनी कचकन ब्रेक दाबला.

"चुकून रिव्हर्स पडला," काका म्हणाले.

त्यांचा मुलगा संग्राम खिडकीतून आत वाकला आणि गिअरच्या दांड्याकडे बघत राहिला. "आबा, पहिलाच आहे की."

काकांनी आयुष्यभर गाड्या चालवल्या होत्या. जीप, ट्रक, पाण्याचा टँकर, एकदा तर वरातीतली गाडी बंद पडली म्हणून नवऱ्यामुलासकट रोड रोलर. त्यांना पहिला गिअर कुठे असतो हे माहीत नाही असं म्हणणं म्हणजे गुरवाला देऊळ कुठे आहे ते विचारण्यासारखं होतं. त्यांनी दांडा न्यूट्रलला आणला, दोनदा हलवून दाखवला, "हा बघा पहिला," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले आणि क्लच सोडला.

गाडी मागे गेली. मोटरसायकलचा उरलेला भाग संपला.

दुसरा टाकला. गाडी आणखी जोरात मागे गेली आणि जांभळाच्या झाडाला टेकून थांबली. मग काकांनी बिळात हात घालावा तसा हळूच रिव्हर्स टाकला. गाडी शहाण्या मुलासारखी पुढे आली आणि आमच्यासमोर उभी राहिली.

काका खाली उतरले. चाकाकडे बघितलं, बोनेटकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं.

"गजा," ते म्हणाले, "काय केलंस रे हे?"

त्या दिवशी दुपारी देवीची पालखी निघणार होती.

कातळमाचीची धारजाई वर्षातून एकदा गावातल्या देवळातून डोंगरावरच्या ठाण्याला जाते. पालखीच्या पुढे नगारा चालतो आणि नगाऱ्याचा मान आमचा, धनावड्यांचा. त्याला अट एकच. देवीला पाठ दाखवायची नाही. त्यामुळे पालखीपुढचा प्रत्येक माणूस उलटा चालतो. ढोलवाले उलटे, झांजवाले उलटे, लेझीमवाली पोरं उलटी. पंजोबांच्या वेळी दोन माणसं नगारा खांद्यावर घेऊन उलटी चढायची. पुढे रस्ता झाला तेव्हा आजोबांनी बैलगाडी आणून बघितली, पण उलटं का चालायचं हे बैलांना पटवून देता आलं नाही. शेवटी पिकअप आली. गाडीचं तोंड देवीकडे, मागच्या हौद्यात नगारा आणि सगळा डोंगर रिव्हर्समध्ये. आम्हाला यात काही वावगं वाटायचं नाही. बाहेरगावचा पाहुणा तोंडाचा आ करून बघायला लागला की आम्हाला त्याचंच नवल वाटायचं.

घोटाळा झाला तो चाकांमुळे. संग्रामने मोबाइलवर कुठल्याशा वाळवंटात उड्या मारणारी पिकअप बघितली आणि त्याला तहानभूक राहिली नाही. आमच्या गाडीची चाकं अठ्ठावीस इंची होती. त्याने पस्तीस इंची आणली. मडगार्ड कापून ती बसवली तेव्हा गाडी बदकाला घोड्याचे पाय लावल्यासारखी दिसायला लागली. काकी म्हणजे संग्रामची आई हौसाबाई. तिला आत चढायला स्टूल लागायला लागलं.

मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, म्हणजे इंजिनालाही तेवढं जास्त ओढावं लागतं. सपाटीवर ते कळत नाही. उसाशाच्या चढावर कळतं. ठाण्याच्या अलीकडे शेवटचा चढ आहे, त्याला आमच्याकडे उसासा म्हणतात. आदल्या वर्षी तिथे भार न सोसून रिव्हर्स गिअर उडून न्यूट्रलला आला आणि गाडी उतारावरून खाली निघाली. खाली म्हणजे पालखीकडे. मी हौद्यात नगारा वाजवत होतो. टपावरून समोर बघितलं तर चारही भोयांनी डोळे मिटले होते. काकांचा ब्रेक लागला तेव्हा आमचा बंपर आणि पालखीचा दांडा यांच्यात फार तर एक नारळ मावला असता.

देवस्थान कमिटीचे तात्या गोळे खालच्या आळीचे. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, "केरबा, देवीशी गाठ आहे म्हणून सांगतो. पुढच्या वर्षी गाडी एक वीत जरी तिच्याकडं घसरली, तर नगारा आमच्या ट्रॅक्टरवर."

त्या दिवसापासून काका तात्यांच्या दारावरून जाईनासे झाले. गावात बाकी कशावरून काही झालं तरी चालेल, पण पंजोबांच्या खांद्यावरचा नगारा गोळ्यांच्या ट्रॅक्टरवर गेलेला त्यांना बघवला नसता.

जुनी चाकं परत लावणं हा सोपा उपाय होता. ती चाकं संग्रामने विकली होती.

दुसरा उपाय मी सांगितला. मी तेव्हा कराडला मेकॅनिकलच्या डिप्लोम्याला होतो आणि घरात माझ्या शब्दाला नसली तरी माझ्या कॅल्क्युलेटरला किंमत होती. मागच्या एक्सलमध्ये दोन दातेरी चाकं असतात, छोटं पिनियन आणि मोठं क्राउन. आमच्या पिनियनला नऊ दाते, क्राउनला सदतीस. म्हणजे पिनियन चार फेऱ्यांपेक्षा थोडं जास्त फिरलं की चाक एकदा फिरणार. ही जोडी बदलायची. पिनियनचे फेरे वाढले की गाडी हळू चालते पण ओढते जास्त.

भंगारबाजारात गोणपाटावर तीन जोड्या मांडल्या होत्या. तिन्ही आमच्या एक्सलमध्ये बसणाऱ्या. मी, काका, संग्राम आणि काकी असे चौघं उकिडवे बसून बघत होतो. काकीला कराडात बांगड्या भरायच्या होत्या म्हणून ती आली होती.

"एक्केचाळीस-आठ घ्या," मी म्हणालो. "चाक सव्वापट झालंय, तर हेही सव्वापट. गाडी अगदी पहिल्यासारखी ओढेल."

"आणि पळेल?" संग्रामने विचारलं.

"पहिल्यासारखीच."

"एवढं सगळं करून पहिल्यासारखीच?" त्याचा चेहरा पडला. "त्यापेक्षा आहे तेच राहू दे की. मोठ्या चाकांमुळं हायवेला काय सुटतीय गाडी!"

"देवीकडं पण सुटली होती," काकी म्हणाली.

काकांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी तिसऱ्या जोडीतलं पिनियन उचललं, तळहातावर तोललं, अंगठ्याने दाबून बघितलं. बाजारात भरताचं वांगं निवडताना ते असंच करत.

"हे दे," ते दुकानदाराला म्हणाले. "दाते भरलेत ह्याचे."

मी दाते मोजले. "काका, हे त्रेचाळीस-सात आहे! सहाच्या वर जातं. पहिल्या गिअरमध्ये ही गाडी माणसाच्या चालीनं चालेल. रस्त्यावर शेळ्या पुढं जातील आपल्या."

"पालखी काय पळवत नेतात का?"

यावर आमच्या अभ्यासक्रमात काही नव्हतं. त्रेचाळीस-सात गोणपाटासकट गाडीत पडलं.

परत येताना काकी मधल्या सीटवर बसली होती, गिअरच्या दांड्याशेजारी. ती नेहमी तिथेच बसायची आणि दांडा हलला की बघायची. उंडाळ्याच्या पुढे रस्ता मोकळा लागला तेव्हा ती सहज म्हणाली, "मला शिकवा की एकदा."

"घरात तीन ड्रायव्हर आहेत," काका म्हणाले. "चौथा कशाला?"

हे ती लग्न होऊन आल्यापासून विचारत होती. तेव्हा घरात एकच ड्रायव्हर होता आणि उत्तर होतं, दुसरा कशाला. फक्त आकडा बदलत गेला.

गजा मिस्त्री आमच्या गावचा. त्याला अशक्य असं काही नव्हतं, त्यामुळे त्याच्याकडे काम द्यायला सगळे घाबरत. त्याने एक्सल उतरवून जोडी बसवली ती चांगली बसवली. मग त्याच्या लक्षात आलं की मोठी चाकं बॉडीला घासतायत. गाडी उचलायची तर एक्सलच्या खालून जाणाऱ्या स्प्रिंगा वरून घ्यायला हव्यात. स्प्रिंगा बसायच्या बैठका एक्सलला खालच्या अंगाला वेल्ड केलेल्या होत्या. त्या तोडून वर जोडायच्या तर दोन दिवसांचं काम. गजाने एक घटका विचार केला आणि एक्सलच उलथा केला. बैठका आपोआप वर.

आम्ही संध्याकाळी गेलो तेव्हा त्याने आम्हाला वाकायला लावून दाखवलं. "बघा, ऑइल काढायचं बूच पण वर आलं. आता ऑइल बदलताना खाली लोळायला नको."

आम्ही कौतुकाने बघितलं. ऑइल वरून कसं काढणार हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गिअरमध्ये गाडी मागे गेली.

एक्सल उलथा झाला की आतलं क्राउन डावीकडचं उजवीकडे जातं आणि चाकं उलटी फिरतात. हे मला मोटरसायकलकडे बघता बघता समजलं. समजलं तेव्हा मी खालीच बसलो.

"म्हणजे?" संग्रामने विचारलं.

"म्हणजे आता आपल्या गाडीला पाच रिव्हर्स आहेत," मी म्हणालो. "आणि पुढं जायला एक."

गजाने टोपी काढली. ती तो फक्त मयताला काढायचा. "सरळ करायला दोन दिवस लागतील," तो म्हणाला.

नेमका त्याच वेळी रस्त्यावरून तात्या गोळ्यांचा ट्रॅक्टर गेला. धुतलेला, कण्हेरीच्या माळा घातलेला. तात्यांनी थांबवून जांभळावर उमटलेल्या खुणा, चपटी मोटरसायकल आणि आमचे चेहरे असं क्रमाने बघितलं.

"धुऊन ठेवलाय हं," एवढंच म्हणाले आणि गेले.

काका दगडावर बसले. आदल्या वर्षी गाडी घसरली तेव्हासुद्धा ते असे दिसले नव्हते. मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून मी बोलायला लागलो आणि बोलता बोलता स्वतःच दचकलो.

"काका, पण आपल्याला मागंच जायचंय."

"काय?"

"डोंगर मागंच चढायचाय ना? रिव्हर्स उडतो. आता रिव्हर्स लागणारच नाही. पहिल्या गिअरमध्ये मागं जायचं. पहिला कधी उडालाय का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग गाडीकडे. संग्रामने गजाला उचलून गिरकी घेतली.

"मी तरी काय म्हणतोय मघापासून," गजा हवेतून म्हणाला.

आनंद सरावापर्यंत टिकला. शाळेमागच्या रस्त्यावर संग्राम डोक्यावर टोपली घेऊन पालखी झाला आणि गाडीसमोर उभा राहिला. मी हौद्यात चढलो. काका स्टिअरिंगवर.

"चला, मागं!" मी ओरडलो.

आता आयुष्यभर गाडी चालवलेल्या माणसाला 'मागं' म्हटलं की त्याचा हात त्याला न विचारता रिव्हर्सवर जातो. काकांचाही गेला. गाडी पुढे झेपावली. पालखी टोपलीसकट गटारात गेली.

"आबा!" गटारातून आवाज आला.

"चुकलं, चुकलं. आता लक्षात आलं."

लक्षात येऊन काही उपयोग नव्हता. सावकाश, मनात म्हणत म्हणत केलं तर जमायचं. पण मध्येच थांबवून पुन्हा एकदम 'मागं' म्हटलं की हात आपला रिव्हर्सला. पालखी पुन्हा गटारात. मग संग्रामने चालवलं आणि मी पालखी झालो. मी गटारात. मग मी चालवलं. मला सगळं गणित माहीत होतं, क्राउन कुठल्या बाजूला आहे ते माहीत होतं आणि तरीही मी काकांना गटारात घातलं. काका चिखल निथळत वर आले आणि माझ्याकडे बघत राहिले. तो क्षण मी अजून विसरलेलो नाही.

म्हणजे गाडी तयार होती. चढणार होती. फक्त ज्याला गाडी येते त्याला ही गाडी येणार नव्हती. आणि उसाशाच्या चढावर समोर टोपली नसणार होती.

काकी आमची भाकरी घेऊन आली होती. बराच वेळ बांधावर बसून बघत होती. तिने फडकं बाजूला ठेवलं.

"मी बसू?"

"तुला गाडी येत नाही," काका म्हणाले.

"म्हणूनच तर विचारतेय. येणाऱ्यांचं बघितलं की मघापासून."

काकांनी डोकं झटकलं. त्यांच्या कानातून अजून गटाराचं पाणी येत होतं. ते दारापासून बाजूला झाले. संग्रामने जाऊन स्टूल आणलं.

मी तिला शिकवलं. शिकवण्यासारखं फार नव्हतंच. त्रेचाळीस-सातने गाडी इतकी मंद केली होती की ॲक्सिलरेटरला पाय लावायचंही कारण पडत नव्हतं. पहिला टाकायचा, क्लच हळूहळू सोडायचा, की गाडी आपली आपण माणसाच्या पावलाने मागे निघायची. रिव्हर्समध्ये स्टिअरिंग उलटं वाटतं म्हणून भलेभले गोंधळतात. तिला सरळ स्टिअरिंग माहीतच नव्हतं. मागचं दिसत नव्हतं तेव्हा आम्ही ठरवलं की मी नगाऱ्याच्या डाव्या कडेवर टिपरी मारली की डावीकडे, उजव्या कडेवर मारली की उजवीकडे. ती थांबली, निघाली, पुन्हा थांबली. मी मुद्दाम एकदम "मागं!" म्हणून ओरडलो. तिने पहिला टाकला आणि गाडी मागे गेली.

टोपलीखाली संग्राम उभा होता. तो कोरडा राहिला.

शेवटी काका गजाच्या शेडमध्ये गेले आणि चाकाखाली लावायचा लाकडाचा ठोकळा घेऊन आले.

देवळासमोर गाडी लागली, नगारा चढला, काकी स्टुलावरून आत गेली आणि अख्खा गाव गप्प झाला. ढोलसुद्धा.

तात्या गोळे पुढे आले. "केरबा, हे काय?"

"नगाऱ्याच्या घरचं माणूस बसलंय," काका म्हणाले.

"बाई?"

"घरचीच आहे."

तात्यांनी गुरवअण्णांकडे बघितलं. गुरवअण्णा ऐंशीच्या पुढचे. त्यांनी बराच वेळ आठवून बघितलं. "घरचं माणूस पायजे आन् पाठ दिसायची न्हाई," ते म्हणाले. "बाया नकोत असं काय न्हाई. कुणी इचारलंच न्हाई आजवर."

तात्या खिडकीशी गेले. खिडकी त्यांच्या डोक्याच्या वर होती, त्यामुळे त्यांना टाचा उंचवाव्या लागल्या. "वहिनी, गाडी येते का तुम्हाला?"

"पुढं न्यायला येत नाही," काकी म्हणाली. "मागं न्यायला येते."

तात्या हसले. त्यांना नीट कळलं नव्हतं, पण नगारा शेवटी आपल्याच ट्रॅक्टरवर येणार एवढं कळल्यासारखं ते हसले आणि त्यांनी हात वर केला. नगारा वाजला.

गाव मागे पडलं. टपावरून मला पालखी दिसत होती आणि खाली आरशात काकीचा अर्धा चेहरा. ओठ घट्ट मिटलेले. काका चालत होते मागच्या चाकाशेजारी, ठोकळा छातीशी धरून, तेही उलटे. गाडी आणि पालखी यांच्यात पहिल्यापासून जेवढं अंतर होतं तेवढंच राहिलं. एरवी गाडी पुढे धावायची, थांबायची, क्लचचा जळका वास यायचा. आज वास फक्त उदाचा होता. भोयांना अशी चाल कधी मिळाली नव्हती. त्यातला एक जण तर गाडीकडे बघून मान डोलवत होता.

मग उसासा लागला.

चढाच्या मध्यावर, आदल्या वर्षी जिथे गिअर उडाला होता तिथेच, भोयांनी खांदा बदलायला पालखी थांबवली. काकीने ब्रेक दाबला. एवढं मोठं धूड उतारावर तिच्या एका पायावर उभं राहिलं. खाली चार माणसं, त्यांच्या खांद्यावर देवी, मागे सगळा गाव. मी नगारा थांबवला. काकांनी चाकाखाली ठोकळा सरकवला.

पालखी उठली. काका ठोकळा काढून बाजूला झाले. आता ब्रेक सोडून गाडी उचलायची होती. इंजिनाचा आवाज बसला, गाडी थरथरली आणि मला वाटतं, दोन बोटं खाली आली.

"रिव्हर्स टाक!" काका ओरडले. "अगं, रिव्हर्स! रिव्हर्स टाक!"

त्यांना काय बोललो ते कळलं नव्हतं. त्यांचं सगळं आयुष्य त्यांच्या तोंडून ओरडलं होतं. मी नगाऱ्यावर हात आपटला. ती त्यांचं ऐकायची. संसारभर ऐकत आली होती. आणि तिने रिव्हर्स टाकला असता तर गाडी तिच्या सगळ्या ताकदीनिशी, मी मोजलेल्या त्रेचाळीस-सातच्या ताकदीनिशी, पालखीवर गेली असती.

काकीने दांड्यावर हात ठेवला. मान बाहेर काढून तिने काकांकडे बघितलं.

"गप बसा!" ती म्हणाली.

धारजाईसमोर, ढोलताशासमोर, गोळ्यांच्या अख्ख्या आळीसमोर.

आणि पहिल्यातच क्लच सोडला. गाडी मागे निघाली. मागे म्हणजे वर. मोठी चाकं एकेक दगड पकडत, कुठेही न घसरता, चालत गेल्यासारखी वर गेली. मी भान येऊन टिपरी उचलली तेव्हा आम्ही उसासा संपवत होतो.

ठाण्यावर पालखी टेकली तरी लोक भंडारा उधळायचं विसरले होते. बाई गाडी चालवते याचा धक्का गावाला देवळापाशीच बसून गेला होता. हा दुसरा होता. केरबा धनावड्याला कुणी गप बसा म्हणू शकतं आणि तो गप बसू शकतो, हे कातळमाचीला माहीत नव्हतं. केरबा धनावड्यालाही नव्हतं. ते ठोकळा काखेत धरून उभे होते आणि खाली आलेली खिडकीची काच बघत होते, जणू तो आवाज त्या काचेतून आला असावा.

तात्या गोळे आले, नगाऱ्याला हात लावून नमस्कार केला. पुढच्या वर्षाच्या मानाचा नारळ त्यांनी काकांच्या हातात दिला. काकांनी तो वर खिडकीतून काकीला दिला. मग म्हणाले, "उतरतेस का? स्टूल आणतो."

गाडी पुढे काय झाली ते सांगायला हवं. आठवड्याने गजा एक्सल सरळ करायला आला, तर काकी दारात उभी. "हात लावायचा नाही," म्हणाली. त्याला परत जावं लागलं. डेअरीला दूध घालायला संग्रामने दुसरी गाडी घेतली, गुपचूप, छोट्या चाकांची. उलटी पिकअप काकीकडे राहिली. ती तिच्यातून शेतावर जाते. गावात ती येताना आधी हौदा दिसतो, मग टप, आणि सगळ्यात शेवटी मान वळवून बघणारी काकी. आताशा कुणी दचकत नाही. दर वर्षी नगारा तीच नेते.

चार वर्षांनी तिने लायसन्स काढायचं ठरवलं. मी सुट्टी घेऊन सोबत गेलो, काकाही आले. टेस्टच्या मैदानावर साहेबांनी तिला एका साध्या, सरळ, कुणीही छेडछाड न केलेल्या गाडीत बसवलं. "पहिला टाका, बाई, आणि चला."

काकीने पहिला टाकला. दोन्ही आरसे बघितले. मान पूर्ण मागे वळवली, मागे कुणी नाही याची खात्री केली आणि क्लच सोडला.

गाडी पुढे गेली.

तिची किंकाळी मला मैदानाच्या टोकाला ऐकू आली. "अवं साहेब! उलटी बसवलीय ही!"

साहेबांना काय सांगावं याचा विचार करत मी काकांकडे वळलो. ते कुंपणाला टेकून उभे होते. एक हात तोंडावर घट्ट दाबलेला. दुसऱ्या काखेत, घरून पिशवीत घालून आणलेला, लाकडाचा ठोकळा.